पद्मिनीच्या मागच्या कमानी: बोल्ट, बुश आणि हिशोब

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट, १९९१ ची, खासगी पासिंग. नोंदणी पुढच्या मार्चमध्ये संपते, म्हणजे पुन्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि त्याआधी आरटीओत तपासणी. हातात चार महिने आहेत. इंजिन ठणठणीत आहे. रडतंय ते मागचं बूड.

तक्रारी तीन. डावी बाजू दीड-दोन बोटं खाली बसलीये. गतिरोधकावर मागून ‘कटक’ असा एकच आवाज येतो. आणि वळणावर शेपूट थोडं उशिरा वळतं.

जॅक लावला, स्टँड घातले, पहारीने एकेक सांधा हलवून पाहिला. पद्मिनीला मागे पाट्यांची कमान असते, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पुढचं टोक बॉडीला सायलेंट बुशमध्ये (आतल्या नळीभोवती चिकटवलेलं रबर) अडकवलेलं, मागचं टोक शॅकलवर, म्हणजे दोन प्लेटांच्या दुव्यावर, झुलतं. डाव्या शॅकलमध्ये रबर उरलेलंच नाही. चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. प्लेटांची भोकं लांबट झालीत. पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टांचे नट गंजाने एकजीव. चार यू बोल्टांपैकी दोन एका जातीचे, दोन भलत्याच. चौतीस वर्षांत कोणी काय बसवलं, देव जाणे.

संध्याकाळी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाला फोन केला. भाव असा:

यू बोल्ट ४, प्रत्येकी ₹१,१००. शॅकल संच २, प्रत्येकी ₹२,७५०. पुढचे सायलेंट बुश २, प्रत्येकी ₹९००. शॅकलचे अर्धे रबर बुश ८, प्रत्येकी ₹१७५. पुढच्या टोकाचे बोल्ट २, प्रत्येकी ₹४५०. सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारे) २, प्रत्येकी ₹४००. एकूण ₹१४,८००. पाटे आणि शॉकअप यात नाहीत.

बोल्टला साडेचारशे? मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, “साहेब, ओरिजिनल फियाट. आता मिळत नाय.”

९ नोव्हेंबर

तो अगदीच खोटं बोलत नव्हता. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर या गाडीचे भाग म्हणजे भाजीपाला होता. कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बनायची आणि तिथल्याच सीएसटी रोडवर तिचे अवयव सुटे मिळायचे. उत्पादन थांबल्यावरही टॅक्सीवाल्यांनी बाजार जिवंत ठेवला. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी संपली. गिऱ्हाईक गेलं तसा माल गेला. उरलेला माल ‘क्लासिक’ झाला. क्लासिक म्हटलं की शून्य वाढतं.

पण पाट्याच्या बोल्टला कुठे ठाऊक असतं तो कोणत्या गाडीत आहे? त्याला व्यास असतो, आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, लांबी असते, ग्रेड असते. तेवढं लिहून काढायचं आणि गाडीचं नाव न घेता बाजारात जायचं, असं ठरवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मापं. दिवसभर तेच. व्हर्नियर, पिच गेज आणि तारेचा ब्रश.

यू बोल्ट: दांडा १० मि.मी., आटा १.२५. शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट: १२ मि.मी., आटा पुन्हा १.२५. सेंटर बोल्ट ८ मि.मी., आटा १.२५, डोकं गोल, साधारण १३ मि.मी.

या १.२५ मध्ये गंमत आहे. हार्डवेअरच्या दुकानात १० चा बोल्ट मागितला की १.५ आट्याचा मिळतो आणि १२ चा मागितला की १.७५ चा. बारीक आटा मागितला की दुकानदार मान हलवतो आणि गाडीवाला माणूस समजतो की फियाटचा आटा दुर्मीळ आहे. दुर्मीळ मुळीच नाही. जपानी गाड्या १० आणि १२ ला सर्रास हाच १.२५ वापरतात. दारातल्या मोटरसायकलवर आहे, मारुतीच्या चाकाच्या स्टडवर आहे. अँबॅसेडरवाल्यांचे हाल वेगळे, तिथे इंची आट्यांचं प्रकरण. आपलं इटालियन मेट्रिक आहे, नशीब.

संध्याकाळी आमच्या मिस्त्रींना वही दाखवली. माझ्या लहानपणापासून तेच ही गाडी बघतात. चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, “सगळं बरोबर. पण आटा १.२५ च पाहिजे हे कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, जुना तसाच आहे.

“नट कुठे वेल्ड केलाय का बॉडीला? भोक आरपार आहे ना? बोल्टही नवा, नटही नवा. मग १.७५ घातला तर कोणाचं पोट दुखणार?”

सहा वर्षं इंजिनिअरिंगच्या कंपनीत काढली मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदरला उतरून चालत. हातगाड्या, हमाल, बेअरिंगचे ढीग, आणि वितभर दुकानात नट-बोल्टांचं अख्खं ब्रह्मांड.

पहिल्या दुकानात १२×११० चा बोल्ट मागितला. त्याने फुल थ्रेड, म्हणजे डोक्यापर्यंत आटे असलेला, पुढे केला. नको. शॅकलमध्ये बोल्टवर आडवा भार येतो. तिथे प्लेटच्या भोकात गुळगुळीत दांडा बसला पाहिजे. आटे बसले तर ते कानशीसारखे भोक खातात आणि आट्याच्या खाचेतूनच बोल्ट तुटायला सुरुवात होते. म्हणून हाफ थ्रेड.

लांबीचं गणित आधीच करून गेलो होतो. दोन्ही प्लेटा धरून माप ७७. हाफ थ्रेडमध्ये १२ च्या बोल्टला १२५ लांबीपर्यंत आटा ३० मि.मी. असतो, म्हणजे ११० च्या बोल्टला ८० दांडा. ७७ अधिक अडीच-अडीचचे दोन वॉशर, ८२. दांडा बाहेरच्या वॉशरमध्ये संपतो आणि नट पूर्ण आट्यावर बसतो. १०० चा घेतला असता तर आटा प्लेटच्या भोकात आला असता. पुढे उरलेलं टोक कापून टाकायचं.

ग्रेड ८.८. डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही बघून घेतलं. यातला पहिला आकडा ताणशक्तीचा, ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ०.८ वर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १२.९ का नाही, असं शेठने विचारलं, त्याच्याकडे काळे ॲलन बोल्ट (गोल डोक्यात षट्कोनी खाच असलेले) भरपूर होते. इतका कडक बोल्ट झिंक प्लेटिंगच्या ॲसिडात हायड्रोजन शोषून अचानक तडकू शकतो, आणि प्लेटिंग नसेल तर कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजतो. गाडीखाली, जिथे माझी नजर वर्षातून एकदा जाणार, तिथे मला सोशिक बोल्ट हवा.

सेंटर बोल्टसाठी मात्र तेच काळे ॲलन घेतले. षट्कोनी डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या गोल भोकात बसत नाही, म्हणून तर तो बोल्ट ‘खास’ ठरून चारशेचा होतो. आठच्या ॲलन बोल्टचं डोकं गोल आणि १३ चंच असतं. आणि आठच्या साध्या बोल्टचा पिचही १.२५. दोन बोल्ट, नटांसकट ₹१२०.

११० चे चार, ९० चे दोन: ₹२८८. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी, म्हणून सैल होत नाहीत), जाड वॉशर: ₹१५०. नटही ८ ग्रेडचे. लोक बोल्टची ग्रेड बघतात आणि नट बरणीतून उचलतात.

२३ नोव्हेंबर

जुना शॅकल सोडवला. घणाने.

आणि इथे कळलं की कालचं गणित अर्धवट होतं. जुनी पिन साधी नाही, पायरीची आहे: मधला भाग १६ मि.मी. जाड, दोन्ही टोकांना १२ पर्यंत उतरवलेली. मी १२ चा आटा मोजला आणि खूश झालो, मधलं मापलंच नाही, कारण ते रबराच्या चिखलात होतं.

ही पायरी शोभेची नाही. नट आवळला की प्लेट पायरीवर जाऊन थांबते. आवळणीचा सगळा जोर पोलादावर पोलाद. रबराला फक्त ठरलेला दाब. माझा सरळ बोल्ट घातला असता तर नट आवळताना प्लेटा रबरालाच चेपत गेल्या असत्या. जोराने आवळलं की शॅकल जाम, बेताने आवळलं की नट कधी सैल होईल भरवसा नाही. शिवाय १२ च्या दांड्यावर १६ च्या भोकाचं रबर.

म्हणजे पावणेतीन हजारांच्या संचात खरी वस्तू ती चार मि.मी.ची पायरी आहे. बाकी लोखंड.

उपाय रात्री जेवताना सुचला: नळी. आतून १२, बाहेरून १६, लांबी दोन प्लेटांमधल्या अंतराएवढी, ७७ वजा १२, म्हणजे ६५. बोल्ट नळीतून जाईल, प्लेटा नळीवर आवळल्या जातील, रबर नळीभोवती फिरेल. बायकोने विचारलं, भाजी कशी झालीये. मी म्हटलं, पासष्ट.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डोंबिवली एमआयडीसीत लेथवाल्याकडे. ई.एन. ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या गोल बारमधून चार नळ्या, प्रत्येकी ₹११०. त्याला एकच विनंती केली: चारही एका बैठकीत कापा. डाव्या-उजव्यात फरक नको, आणि टोकं अगदी काटकोनात हवीत. सहा मि.मी.च्या पट्टीतून चार प्लेटाही करून घेतल्या, दोन-दोन एकत्र पकडून भोकं पाडली म्हणजे अंतर जुळतं. प्लेटा ₹१५० प्रमाणे ₹६००. नळ्या ₹४४०.

जुन्या प्लेटांची लांबट भोकं वेल्डने भरून पुन्हा पाडता आली असती. लेथवाला तेच म्हणत होता. शॅकलला वेल्ड नको.

अर्धे रबर बुश: कल्याणला एका दुकानात पाच-सहा डबे उपसले. माप सांगितलं, आतून १६, बाहेरून पाट्याच्या डोळ्याएवढं (टोकाला वळवलेलं गोल भोक), कॉलर पाच. त्याने गाडी विचारली. मी म्हटलं, गाडी नाही. जरा वेळ बघत राहिला. मिळाले. पाकिटावर कोणत्या गाडीचे ते लिहिलेलंच नव्हतं. आठ नग, ₹३२०.

६ डिसेंबर

यू बोल्ट. घराजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने नमुना बघून चार करून दिले, प्रत्येकी ₹१२०. चकचकीत.

७ डिसेंबर

बसवायच्या आधी एक पकडीत धरून टॉर्क पान्याने आवळून पाहिला. पंचवीस न्यूटन-मीटरला पान्याखाली लोणी लागल्यासारखं झालं. नट फिरतोय, पण जोर वाढत नाही. सोडून व्हर्नियर लावला तर आटे ताणलेले.

चूक माझी. काय माल वापरणार ते विचारलंच नाही. साधी एम.एस. (माइल्ड स्टील) सळई होती. साधं लोखंड २४० मेगापास्कलच्या आसपास ताणायला लागतं. १० च्या बारीक आट्याचं क्षेत्र साधारण ६१ चौ.मि.मी., म्हणजे पंधरा किलोन्यूटनला खेळ खलास. ८.८ असता तर एकोणचाळीस. मला आवळणी हवी ५० न्यूटन-मीटरची.

आणि यू बोल्टला आवळणीच महत्त्वाची. लोकांना वाटतं ॲक्सल सेंटर बोल्टने जागेवर राहतो. सेंटर बोल्ट फक्त जुळणीला. ॲक्सल धरून ठेवतं ते यू बोल्टांच्या दाबामुळे झालेलं घर्षण. यू बोल्ट ढिला पडला की ब्रेक मारताना सगळा धक्का त्या आठ मि.मी.च्या बोल्टवर जातो, तो कापला जातो, आणि ॲक्सल तिरका होऊन गाडी खेकड्यासारखी चालते.

₹४८० पाण्यात. चारही भंगारात टाकले, कोणी चुकून वापरू नयेत म्हणून आधी ग्राइंडरने कापून.

१३ डिसेंबर, शनिवार

कळंबोली. ट्रकवाल्यांचं गाव, यू बोल्टवाले ओळीने. ट्रकचे बोल्ट मनगटाएवढे. माझा नमुना काढला तेव्हा एक पोरगा हसला. म्हातारा मालक हसला नाही. “छोट्या हत्तीला असलीच सळई लागते,” म्हणाला. टाटा एस. तीही पाट्यांवरची गाडी.

मालाचं विचारलं. ई.एन. ८, आधी कडक करून मग ठिसूळपणा उतरवलेला, आटे कापलेले नाहीत, रोल केलेले. रोल करताना धातूचे तंतू तुटत नाहीत, दाबले जातात. हलत्या भाराखाली असे आटे जास्त टिकतात. वाकवणार थंड, प्रेसवर. मी मुद्दाम विचारलं, तापवून नाही का? तो म्हणाला, लाल करून पाण्यात बुडवणारे असतात, त्यांच्याकडे गेलात तर बोल्ट सोबत झाडूही घ्या, तुकडे गोळा करायला.

रुंदी पाट्यापेक्षा जेमतेम एक मि.मी. जास्त ठेवली. चार नग, नटांसकट ₹१,०४०. पकडीत धरून ५० ला आवळला. पाना ‘टक्’ म्हणाला, नट तिथेच. कानस मारली तर घसरते. ठीक.

त्याच रांगेत पाटे दिले, पुन्हा बाक चढवायला. दोन्ही बाजूंचे, ₹२,४००. डावीच बसलीये म्हणून एकच बाजू करू नका, असं पाटेवालाच म्हणाला. दुसरी महिन्याभरात मागे पडते.

२० डिसेंबर

पुढच्या सायलेंट बुशवर दोन आठवडे घोळ. स्कूटर-मोटरसायकलच्या मागच्या फोर्कमधले बुश बाहेरच्या मापाने जवळ येतात, दीडशेला मिळतात. आतली नळी चार मि.मी. आखूड, तेवढी चकती लावून भागवता येईल. घेणारच होतो.

घेतले नाहीत. शॅकलचं टोक झुलतं, त्याच्यावर मुख्यतः वजन. पुढचं टोक मात्र गाडी ढकलतं आणि थांबवतं. मागच्या चाकांची ओढ, ब्रेकचा झटका, सगळं त्या रबरातून बॉडीत जातं. मोटरसायकलच्या रबराने काय सोसलंय ते मला मोजता येत नाही. म्हणून क्लासिकवाल्याकडून ₹१,८०० ला जोडी आणली. त्याने विचारलं, बाकीचं कधी नेताय?

२७ आणि २८ डिसेंबर

जोडणी. मिस्त्री रविवारी आले, शनिवारी मी एकटाच होतो. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस, सेंटर बोल्ट, शॅकल, यू बोल्ट. यू बोल्ट कोनाकोनी, चार फेऱ्यांत ५० पर्यंत. प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ, सरकला तर दिसेल.

रविवारी मिस्त्री आले, वाकून बघितलं, पहिला प्रश्न: “पुढचे बोल्ट कधी आवळलेत?”

काल.

“गाडी स्टँडवर असताना?”

मग मलाच कळलं. सायलेंट बुशमध्ये काही फिरत नाही. आतली नळी बोल्टने पकडली जाते आणि रबर पिळलं जातं. चाकं लोंबकळताना आवळलं तर रबराची सरळ स्थिती ती ठरते. गाडी खाली ठेवली की ते कायम पिळलेलं. मागची बाजू जरा उंच राहते, मला वाटलं असतं पाटे छान झाले, आणि वर्षभरात अठराशे रुपयांचं रबर फाटलं असतं. सगळं ढिलं केलं, गाडी चाकांवर उतरवली, मागे दोघं बसलो, उड्या मारल्या, मग आडवं झोपून आवळलं.

शॉकअपच्या नादी लागलो नाही. आहेत ते चांगले आहेत.

१० जानेवारी २०२६

३२० कि.मी. झाले. सगळे यू बोल्ट पुन्हा तपासले. चारपैकी तीन जागेवर. डाव्या बाजूचा मागचा साधारण एक अष्टमांश फेरा फिरला तेव्हा ५० आला. पाट्यांमधलं ग्रीस आणि रंग दबतो, त्यामुळे पहिल्यांदा असं होतं. पिवळी रेघ पुसून नवी ओढली.

‘कटक’ गेलं. शेपूट वेळेवर वळतं. नवीन काय, तर गतिरोधकावर डावीकडून बारीक ‘चूं’. रबर नवं आहे म्हणून, असं मिस्त्री म्हणतात. मला वाटतं डावी बाहेरची प्लेट रबराच्या कॉलरला घासतेय. सोडून बघायला हवं.

हिशोब: यू बोल्ट ₹४८० वाया, ₹१,०४० कामी. प्लेटा ६००, नळ्या ४४०, बोल्ट २८८, नट-वॉशर १५०, सेंटर बोल्ट १२०, रबर ३२०, सायलेंट बुश १,८००. बेरीज ₹५,२३८. लोकल, रिक्षा, वडापाव अंदाजे ₹९००. पाट्यांचे २,४०० वेगळे, ते तसेही लागलेच असते. समोर ₹१४,८००. आणि माझे सहा शनिवार, ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

३१ जानेवारी

प्लेट सोडली. माझाच तर्क खरा निघाला. डाव्या बाजूची एक नळी ६४.६, बाकीच्या ६५. चारही एका बैठकीत झाल्या नव्हत्या तर. लेथवाल्याकडे गेलो, त्याने मुकाट्याने दोन नव्या करून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

१४ फेब्रुवारी

८५० कि.मी. रेघा जागेवर. ‘चूं’ बंद. बाबांना मागच्या सीटवर बसवून कल्याणपर्यंत फेरी. शिळफाट्याच्या खड्ड्यांत म्हणाले, “पूर्वी एवढी कडक नव्हती रे.” पाट्यांना नवा बाक आहे, जरा बसतील, असं म्हटलं. मार्चसाठी वेळ घेतलीये. शिल्लक दोन नायलॉक नट आणि ६४.६ ची ती नळी चहाच्या डब्यात.